किती टन आणि काय भाव

"आकडा सांगा जी, मंग गाड्या जातीन," असे म्हणून तुळशीराम पाटील रस्त्यात आडव्या लावलेल्या आपल्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, बसले. मागे मँगनीज भरलेल्या बैलगाड्या खोळंबल्या होत्या. माल तिरोडा स्टेशनावर पोचला नाही तर खाण बंद पडणार होती, आणि गावातल्या बहुतेकांची मजुरी त्याच खाणीवर होती.

मी तेव्हा भंडाऱ्याच्या कचेरीत मायनिंग इन्स्पेक्टर होतो. घरातला पहिला ग्रॅज्युएट. हायस्कूलच्या मास्तरांनी घरी ठेवून शिकवले नसते, तर मीही पाटलांच्या मागे जमलेल्या गर्दीतच उभा असतो.

पाटलांचे म्हणणे सरळ होते. निघालेल्या मालावर जनपद सभा, म्हणजे तालुक्याची निवडून आलेली सभा, कर घेई. त्यातून गावाला शाळेची खोली मिळायची होती. पण माल किती निघतो ते गावाला कोणी सांगत नव्हते, म्हणून खाण माल लपवून कर चोरते अशी ओरड होती. कचेरीतल्या फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का होता.

"आमचा डोंगर खाली होऊन राहिला अन् आमालेच काऊन सांगत नाही?"

मी म्हणालो, "टन आणि रॉयल्टी, दोन्ही पंचायतीच्या फळ्यावर लावतो."

खाणीचे मॅनेजर गोंदियाचे. त्यांनी मला बाजूला घेतले. "इन्स्पेक्टर साहब, भागाकार येतो ना? भाव खुल गया तो मेरा ग्राहक गया."

त्यांचे खरे होते. रॉयल्टी म्हणजे खनिजातला सरकारचा हिस्सा. मँगनीजवर तो विक्रीच्या किमतीवर ठरे. टन आणि रॉयल्टी शेजारी लिहिली की भाव कोणीही काढील, आणि शेजारचा खाणवाला तसाच माल त्याहून स्वस्त देईल.

मी पाटलांना थेट विचारले, "भाव पाहिजे का?"

"भाव घेऊन आमी का करू? तो चाटा तुमीच. माल किती, तेवढं सांगा."

भंडाऱ्याला जाऊन साहेबांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "टन सांगितले तर कायदा मोडतो का?"

"नाही सर. मनाई फक्त भावाला आणि ग्राहकाच्या नावाला आहे."

"मग इथे काय करता? परत जा."

खनिजाचे चौकोनी ढीग रचतात, त्यांना चट्टे म्हणतात. ते फितीने मोजून वर चुन्याचे पाणी शिंपडतात, म्हणजे कोणी दगड उचलला की जागा काळी दिसते. हे काम आजवर कुंपणाच्या आत मी आणि मॅनेजर करत होतो. मी परतलो त्या दिवशी फाटक गावासाठी उघडले. दगड फोडणारी देवकाबाई अगदी पुढे होती.

"बाबू, फीत ताणून धरा. लुगडं मोजून नाही राहिले तुमी."

मॅनेजरही हसले. मोजमाप झाले, आकडा पंचायतीच्या फळ्यावर लिहिला गेला. पाटलांनी स्वतः बंडी बाजूला ओढली.

शाळेची खोली पुढच्या उन्हाळ्यात उभी राहिली. छप्पर मात्र आणखी वर्षभराने आले. मोजणीच्या दिवशी मॅनेजर आपणहून पाटलांना निरोप पाठवू लागले, कारण चोरीची ओरड थांबली होती. त्यांचा भाव काय होता, ते आजही गावात कोणाला ठाऊक नाही.

नोकरीत पुढे अशा पुष्कळ फाइली हाताळल्या. त्यांत लपवण्यासारखे एखादेच पान असते. ते वेगळे काढायचा कंटाळा येतो, म्हणून शिक्का सगळ्या फाइलीवर बसतो.