कुहीची वाचक

मी माझ्या मुलीला फसवलं. बरेच महिने मी तिची एक मैत्रीण होऊन तिच्याशी बोलत राहिलो, आणि अशी मैत्रीण या जगात कुठेच नव्हती. माझ्या हातून दुसऱ्याही चुका झाल्या आहेत, पण त्या करताना मी स्वतःला एवढा शहाणा समजत नव्हतो.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. लहानपणी ती माझ्या फोनवर गोष्टी वाचायची, तेव्हा एका संकेतस्थळावर तिने माझाच ई-मेल देऊन खातं उघडलं होतं. पुढे तिला स्वतःचा फोन मिळाला, पण ते खातं माझ्या ई-मेलला जोडलेलंच राहिलं. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मला निरोप आला, की तुमच्या गोष्टीवर नवी प्रतिक्रिया आली आहे. मी नागपूरला मिहानच्या औद्योगिक भागात विमानदुरुस्तीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. बोल्ट, वॉशर, रबरी सील यांच्यात माझा दिवस जातो. मी कसली गोष्ट लिहिणार? डबा बाजूला सारून मी तो दुवा उघडला.

गोष्ट अर्थातच मुलीची होती. कोरियात गाणाऱ्या पाच मुलांचा एक बँड आहे. त्यांची चित्रं तिच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली मी पाहिली होती. आवडत्या कलाकारांना पात्रं करून चाहते गोष्टी रचतात आणि त्याला फॅन फिक्शन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्या गोष्टीत या पाच जणांचं विमान बिघडतं आणि नागपूरला उतरतं. दुरुस्तीचा सुटा भाग परदेशातून यायला वेळ लागतो. हॉटेलं लग्नाच्या वऱ्हाडांनी भरलेली. मग कारखान्यातला एक स्टोअरवाला त्या पाचही पोरांना आपल्या घरी नेतो.

मी त्या दुपारी जेवलोच नाही. ती पोरं तर्री-पोहे खाऊन डोळे पुसत होती. सर्वात धाकटा गाणारा ऑटोवाल्याला विचारत होता, "मीटरनं काहून नाही नेत गा?" आणि ऑटोवाला त्याला म्हणत होता, "तू कोणत्या गावचा होय बे?" माझं हसणं ऐकून शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली.

प्रत्येक भागाच्या वर तिने एक ओळ लिहिली होती. ही मुलं खरी आहेत, ही गोष्ट खोटी आहे, यातलं काही त्यांना चिकटवू नका. एकदा कोणा वाचकाने तिला सुचवलं, की त्यातल्या दोघांचं एका मुलीवरून भांडण लाव, मजा येईल. तिने साफ नाही म्हटलं. त्यातल्या प्रत्येकाला आई आहे, तिने वाचलं तर तिला काय वाटेल, असं तिचं उत्तर होतं. कोरियातली ती बाई मराठी कशाला वाचेल, असं मला वाटलं आणि हसू आलं. आता हसू येत नाही. कधी न भेटलेल्या माणसाशीही कसं वागावं याचा तिने विचार केला होता.

गोष्टीतला स्टोअरवाला फार बोलायचा. जेवायला बसला की पाचही पोरांना विचारायचा, आज काय केलं, कोणाची आठवण आली का. त्यांचं ऐकताना मध्ये बोलायचा नाही. मी घरी गेलो की हातपाय धुऊन टीव्ही लावतो. तो माणूस कोण आहे आणि तो असा का आहे, हे समजायला मला फार विचार करावा लागला नाही.

मी त्याच संध्याकाळी तिला सांगायला हवं होतं, की बेटा, तुझी गोष्ट वाचली, आवडली. पण सांगितलं तर ती लिहिणं लपवेल आणि मला वाचायला मिळणार नाही, अशी भीती वाटली. शिवाय पुढच्या वर्षी बारावी. म्हणून मी दुसऱ्या ई-मेलने नवं खातं उघडलं. एका फुलाचं नाव घेतलं आणि तिच्याच वयाची, नागपूरजवळच्या कुही गावची मुलगी झालो. कुहीला माझ्या आत्याचं घर होतं, धानाचे बांध पाहिलेले होते. कोणी काही विचारलं तर सांगता आलं असतं. पहिल्यांदा मी एवढंच लिहिलं, की खूप छान, पुढचा भाग लवकर टाक. ते खरं होतं.

तिचं उत्तर लगेच आलं. हळूहळू ती कुहीच्या मुलीला प्रत्येक भाग सर्वांआधी पाठवू लागली. मला ते इतकं आवडू लागलं की मी दुपारच्या सुट्टीची वाट पाहायचो. पण मी नुसता वाचक राहिलो नाही. गोष्टीतला धाकटा गाणारा मॅनेजरला कंटाळून नागपूरलाच राहायचं ठरवतो, कॉलेज सोडून तलावाच्या काठी गात बसतो, असा शेवट तिने योजला होता. मी कुहीच्या मुलीकडून लिहिलं, की त्याने परत जावं, आधी शिक्षण पूर्ण करावं, त्याच्या आईबापाचं काय? तिने दोन दिवस विचार केला आणि शेवट बदलला. बाकीचे वाचक नाराज झाले, एकाने तर बरंच टाकून लिहिलं. ती त्या सगळ्यांशी कुहीच्या मुलीच्या बाजूने भांडली.

मग ती त्या मुलीला घरचं सांगू लागली. एकदा लिहिलं, "माह्ये बाबा चांगले आहेत. पण त्यायले काही सांगाले गेलं का ते आधी दुरुस्त करतात, मग ऐकतात." मी ते रॅकच्या मागे उभा राहून वाचलं. तिथेच थांबायला हवं होतं. मी उत्तर दिलं, की माझेही बाबा तसेच आहेत.

अशोक विजयादशमीला आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीवर जातो. कुही, उमरेड, भिवापूर, सगळीकडून लोक येतात. तिने मैत्रिणीला विचारलं, तुम्ही येता का? कुहीतल्या बौद्ध कुटुंबातली मुलगी म्हणून मी आधीच स्वतःला रंगवून ठेवलं होतं, नाही कसं म्हणणार? येतो, असं लिहिलं. नंतर काहीतरी कारण काढू असा विचार होता. तिने पुस्तकांच्या स्टॉलजवळची एक जागा ठरवली. मण्यांची दोन ब्रेसलेटं केली, एक स्वतःला, एक तिला.

त्या दिवशी पांढरा सलवार-कुडता घालून ती स्टॉलच्या कडेला उभी राहिली. ऊन चांगलंच होतं. तिच्या वयाची कोणतीही मुलगी गर्दीतून पुढे आली की ती थोडी पुढे व्हायची, ओळखीचं हसायची, मग मागे सरकायची. मी आणि माझी बायको पाण्याची बाटली घेऊन जरा अंतरावर होतो. बायको म्हणाली, बिचारीची बस चुकली असेल. मी लघवीला जाऊन येतो सांगून भोजनदानाच्या मांडवामागे गेलो आणि तिथून लिहिलं, की माझी आजी एकदम आजारी झाली, येता येत नाही, माफ कर.

परत आलो तर मुलगी माझ्याकडेच धावत येत होती. मला वाटलं आता रडेल.

"बाबा, आपण कुहीले जाऊ शकतो काय? तिची आजी बिमार आहे. घरी ती एकटीच असन. गाडीनं गेलो तं संध्याकाळलोक वापस येऊ."

बायको लगेच तयार झाली. ती दवाखान्यात नर्स आहे. औषधं काय चालू आहेत ते विचारून घे, असं ती मुलीला सांगू लागली. दोघी माझ्याकडे पाहत होत्या, कारण गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. मी म्हणालो, कुहीला कोणी नाही. त्यांना समजलं नाही. मग मी माझा फोन काढून त्यावरूनच पाठवलेला आजीचा तो निरोप दाखवला.

मुलीने वर-खाली करून पाहिलं. मग तिने एकच विचारलं.

"गोष्ट आवडली म्हणे ती. ते तरी खरं होतं का?"

मी हो म्हणालो. पण त्यावर थांबलो नाही. तुझ्या भल्यासाठीच केलं, बारावी आहे, फोनवर कोण कोण असतं तुला माहीत नाही, बाप म्हणून लक्ष ठेवावं लागतं, असं बोलतच राहिलो. ती गर्दीतून चालायला लागली. बायको माझ्या शेजारून चालत होती. ती म्हणाली, "माफी मांगाची सोडून तुमी कारणं सांगून राहिले जी."

त्यानंतर मुलीने लिहिणं बंद केलं. घरात ती माझ्याशी भांडली नाही. विचारलं तेवढं सांगायची, आणि तेच मला जड जायचं. माझ्या मेलवर निरोप मात्र येत राहिले. कोणी विचारायचं, पुढचा भाग कुठे? कोणी विचारायचं, ताई, बरी आहेस ना? अमरावतीच्या एका मुलीने लिहिलं, की तिच्या घरी फार भांडणं होतात, ती हीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचते. ही सगळी माणसं खरी होती. मी एकालाही उत्तर देऊ शकत नव्हतो आणि मुलीला वाच म्हणून सांगायची मला हिंमत नव्हती. माझ्यामुळे जे थांबलं होतं, ते इतक्या जणांना हवं होतं.

कुहीच्या मुलीचं खातं मी बंद केलं. मुलीच्या खात्यावर तिचा स्वतःचा ई-मेल टाकायचा म्हणजे तिच्याशी बोलणं भाग होतं. एका रविवारी दुपारी ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी वर गेलो. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, पण बारावीचा, फोनचा, बापाच्या काळजीचा प्रत्येक शब्द वर पोचेपर्यंत मी मनातून काढून टाकला. उरलं ते थोडंच होतं. ती चादरीची एक बाजू धरून थांबली, म्हणून मी दुसरी धरली.

"मी तुले फसवलं," मी म्हणालो. "तुह्या भल्यासाठी नाही. मले तुह्याशी सरळ बोलता येत नव्हतं म्हणून. तुह्या गोष्टीचा शेवट मी बदलाले लावला, तो माहा हक्क नव्हता. तू उन्हात उभी होती अन् मी पाहत होतो. मले माफ कर, बेटा. आत्ताच केलं पाहिजे असं नाही. पण मी माफी मागून राहिलो."