एकच जोड

लिफ्टवाले काका दिवसभर प्रवास करायचे आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथेच असायचे. जुनी सात मजली इमारत, जाळीच्या दाराची तिच्याइतकीच जुनी लिफ्ट आणि कोपऱ्यात एक लाकडी स्टूल. स्टुलावर ते सहसा बसत नसत. बसलं की डोळे मिटतात आणि डोळे मिटले की मजला चुकतो, असं त्यांचं म्हणणं. तसा तो उभ्यानेही चुकायचा. चौथा मागितला की कधीकधी सहावा यायचा. लोक हसून जिन्याने खाली उतरायचे.

पन्नाशी उलटल्यावर एका पहाटे त्यांना लवकर जाग आली. सहज नदीकाठी गेले, तर दाट धुकं. समोरचा माणूस दिसत नव्हता, म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही, म्हणून त्यांनी थोडं पळून पाहिलं. धुकं विरेपर्यंत ते पळतच राहिले.

"वर नाही, खाली नाही, नुसतं पुढे!" घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपडे शिवायची. ओठांत टाचण्या होत्या, म्हणून नुसतं "हूं" म्हणाली.

मग ते रोजच पळू लागले. वर्षभराने शहरातल्या अर्धमॅरेथॉनला नाव दिलं, आणि नेमके तेव्हाच त्यांचे कापडी बूट अंगठ्यापाशी फाटले. नवे कोणते घ्यावेत, ही गोष्ट लिफ्टमध्ये कशी फुटली कुणास ठाऊक, पण जो येईल तो सल्ला देऊ लागला. अडचण एवढीच, की सल्ला पुरा होण्याआधी मजला यायचा.

"दोन जोड घ्या, काका," पाचव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. स्वतः पळणारे होते. "सरावाला जाड तळव्याचे, दणकट. आणि शर्यतीला हलके, चपळ. शर्यतीचे रोज वापरले तर लवकर झिजतात, आणि सरावाचे शर्यतीत घातले तर..."

पाचवा मजला आला. डॉक्टर उतरले.

काकांनी दिवसभर विचार केला. रात्री जेवताना म्हणाले, "रोज ज्याच्या जिवावर पळायचं, त्याला ऐन शर्यतीच्या दिवशी घरी ठेवायचं आणि भलत्यालाच घेऊन जायचं? हे काही मला पटत नाही."

"अहो, बूट आहेत ते. रुसणार नाहीत."

"मला करमणार नाही ना पण!"

रविवारी दोघं दुकानात गेली. विक्रेती मुलगी हुशार होती. काका काय म्हणताहेत ते तिला लगेच कळलं. रोजचा मार सोसेल आणि वेळ आली की पळूही देईल, असा एकच जोड. तिने तीन खोकी आणली.

पहिला जोड घालून काका उभे राहिले, तर पाय गादीत रुतल्यासारखे वाटले. "यात झोप छान लागेल," ते म्हणाले. दुसऱ्याच्या तळव्यात कडक पट्टी होती. पाऊल टाकलं की कुणी मागून ढकलतंय असं वाटायचं. काकांनी दोनदा वळून पाहिलं. तिसरा दिसायला अगदी साधा, राखाडी. तो घालून ते उभे राहिले आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"टोचतोय का?" मुलीने विचारलं.

"कोण?"

"बाहेर फुटपाथवर जरा पळून बघा, काका. कोपऱ्यापर्यंत."

काका कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे त्यांना वळायचं होतं, परत यायला. पण उतार लागला, सावली लागली, उताराच्या तळाशी नदी चमकताना दिसली, आणि पाय त्यांना न विचारताच तिकडे निघाले. पुलाखालून वाट जात होती. पाण्यावरचा उजेड कमानीच्या पोटावर हलत होता. दुकान, खोकी, रविवार, सगळं मागे राहिलं. पायात काही घातलंय हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

इकडे दुकानाचा मालक दारात येऊन उभा राहिला. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहून झालं.

"बाई, तुमचे मिस्टर..."

"येतील," काकू म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी नवऱ्याचे फाटके बूट होते.

"आमचे बूट आहेत हो त्यांच्या पायात!"

"बूट तुमचे, माणूस माझा. मला नाही का काळजी? आले तर दोघंही येतील."

विक्रेती मुलगी तोंड फिरवून हसली. मालकानेही शेवटी खुर्ची ओढून घेतली.

काका आले तेव्हा घामाने निथळत होते. बुटांवर नदीकाठची माती होती. दारातच त्यांना सगळं आठवलं आणि ते लहान मुलासारखे ओशाळले.

"कोपऱ्यापर्यंत म्हणाले होते मी," मुलगी म्हणाली.

"गेलो होतो की. कोपरा पुढेपुढे सरकत गेला!"

आता बूट परत ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ठेवायचे होते कुणाला?

शर्यतीपर्यंत काकांनी ते रोज घातले. शर्यतीच्या सकाळी आजूबाजूला रंगीबेरंगी, उंच तळव्यांचे बूट होते. काकांनी कुणाच्याच पायांकडे पाहिलं नाही. सुरुवात झकास झाली. शेवटच्या चढावर मात्र पोटऱ्या दगड झाल्या. ते चालू लागले. लोक पुढे जात राहिले, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही. चढ संपला तशी झाडांतून वाऱ्याची झुळूक आली, पोटऱ्या सैल झाल्या, आणि केव्हातरी ते पुन्हा पळत होते.

शेवटच्या रेषेच्या पुढे काकू पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काकांना कठड्यावर बसवलं आणि खाली वाकून नाड्या सोडल्या.

"कसं वाटलं?"

काकांनी बाटली हातात घेतली. मग म्हणाले, "काय सांगू? मधल्या वाटेवर मी नव्हतोच बहुतेक."

"मग पळालं कोण?"

काकांनी खरोखरच विचार केला. मग नाड्या सुटलेल्या बुटांकडे एकदा पाहून त्यांनी बाटली तोंडाला लावली.