मंडईतल्या तीन राखीव खुर्च्या

फाउंडेशनच्या मॅडम पहिल्यांदा आमच्या गावात आल्या, तेव्हा त्यांनी मामाजींना विचारलं, "आजोबा, तुमच्या दंडारीचे लाभार्थी कोण?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर गावची दंडार उभी करणारा माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जो पाह्यते तो."

उत्तर अगदी बरोबर होतं, पण फॉर्मात बसेना.

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, जिलेबीची दुकानं लागतात, कोणाची पोरगी कोणाला दाखवायची तेही तिथेच जमतं. आणि भर दिवसा चौकात दंडार होते. ढोलकी, टाळ, पायात चाळ, गाणी, सोंगं आणि गावातल्या मोठ्या माणसांची मनसोक्त टिंगल. सगळे पुरुष. बाईचं सोंगही पुरुषच घेणार. आमच्या गावात ते सोंग घेणारा मिशा काढायला तयार नव्हता, त्यामुळे तो पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि लोक त्यालाच लाज म्हणायचे.

ही सगळी दंडार पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत फक्त मामाजींना येत होती. बाकीच्यांकडे तुकडे. आणि मामाजींचा आवाज बसत चालला होता. त्यांचं मागणं एवढंच होतं, की गावातले तरणे गडी महिनाभर तालमीला बसावेत. पण ते दिवस धानकापणीचे. मजुरी सोडून टाळ कोण कुटणार? "महिन्याची मजुरी कोणी देत असन," मामाजी म्हणाले, "तं पोरांच्या गळ्यात उतरवून देतो. नाही तं चालली माह्यासंगं."

मी बचत गटाची अध्यक्ष आणि गावच्या संस्थेची सचिव. सचिव यासाठी, की सभेत कोण लिहिणार म्हटल्यावर बाकीच्यांनी खाली पाहिलं. नागपूरचं एक फाउंडेशन लोककलांना अनुदान देतं असं कळलं, आणि मी प्रस्ताव लिहायला बसले.

बाप्पा रे, काय ते रकाने! 'अनुदान संपल्यावर उपक्रम कसा चालेल?' अहो, अनुदान नव्हतं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालला, हेच तर सांगून राहिलो ना आम्ही! 'प्रमुख जोखीम कोणती?' मी लिहिलं, शाहिराचा घसा. प्रस्ताव परत आला. घसा ही वैयक्तिक बाब आहे, संस्थात्मक जोखीम लिहा. गोंदियातला टायपिंगवाला दयाळू माणूस होता. म्हणाला, "भाभी, इसमें 'हवामान बदल' डाल दो, सब डालते हैं." टाकलं. प्रस्ताव पुढे सरकला.

मग कार्यशाळा झाली, गोंदियाच्या एका हॉटेलात. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या होत्या. अडचणी पिवळ्या चिठ्ठीवर, स्वप्नं गुलाबी चिठ्ठीवर. मामाजींनी गुलाबी चिठ्ठीवर 'महिन्याची मजुरी' लिहून घेतलं. मार्गदर्शक सरांनी ती अलगद काढून पिवळ्या बाजूला नेली. मामाजी रागावले नाहीत. परतताना बसमध्ये म्हणाले, "पनीर चांगलं होतं."

शेवटी समितीच्या भेटीचा दिवस ठरला, नेमका आमच्या मंडईचा. यापेक्षा चांगला योग कोणता? मॅडम, एक सर आणि एक फोटोवाला, असे तिघं येणार होते. मामाजींनी मंडपवाल्याकडून तीन गादीच्या खुर्च्या मागवल्या आणि चौकात सगळ्यांच्या पुढे मांडल्या. त्यांवर गावातलं कोणी बसायचं नाही अशी ताकीद दिली.

आता चूक झाली ती इथं, आणि ती आमच्याच मुलखातल्या माणसाकडून व्हावी अशी. मंडईचा पाहुणा दारावरून उपाशी गेला तर त्या घराचं नाक कापलं जातं. समितीची गाडी शिवेत आली आणि पहिल्याच घरानं त्यांना आत ओढलं. लाखोरीच्या डाळीचे गरम वडे, सुवाऱ्या म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, करंज्या, तांदळाची खीर. "नुसतं चाखा जी." चाखलं. तोवर शेजारीण दारात उभी. "त्यांच्याकडे खाल्लं अन् आमच्याकडे नाही? आमी काय पाप केलं?" तिकडेही गेले. तिसऱ्या घरी सरांनी पट्टा सैल केला. मॅडम विचारत होत्या, "दंडार कुठे आहे?" आणि प्रत्येक घर सांगत होतं, "होते ना जी, आधी दोन घास घ्या." मी मागे मागे धावत होते, हात जोडत होते, पण मंडईत सचिवाला कोण विचारतं! शेवटी माझ्या जाऊबाईंनीच त्यांना आमच्या घरात घेतलं, वरून आग्रहाची खीर वाढली आणि छपरीत खाटा टाकून दिल्या.

इकडे चौकात मामाजी उभे. दंडारीच्या सुरुवातीला देवांना नमन असतं. मामाजींनी ते पाहुण्यांसाठी लांबवायला सुरुवात केली. गावचे देव झाले, तलावाच्या पाळीवरचे झाले, शिवेवरचे झाले, शेजारच्या गावांचे झाले. देव संपले तेव्हा त्यांनी तिरोड्याच्या वीज कारखान्याच्या धुराड्यालाही हात जोडले. लोक पोट धरून हसले. मामाजींची नजर मात्र खुर्च्यांवर होती.

आणि मग भर रंगात त्यांचा आवाज फाटला. पुढची ओळ उचलायला कोणी नव्हतं. पोरं एकमेकांची तोंडं पाहू लागली. एकटी ढोलकी वाजत राहिली, मग तीही थांबली. मामाजींनी घसा खाकरला, पुन्हा लावून पाहिला, आणि नुसतीच हवा आली. मी धावत घरी गेले, तर सर छपरीत घोरत होते. मला इतका संताप आला, की वाटलं, पाण्याचा गुंड उचलून तिघांच्या अंगावर ओतावा. पण पाहुणे पडले ना! मी पंखा हळू केला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढे पत्र आलं. अनुदान मंजूर! पण दंडारीला नाही, वड्यांना. 'पारंपरिक खाद्यसंस्कृतीचे संवर्धन', महिलांसाठी एक महिन्याचं प्रशिक्षण, मानधनासह. मॅडमचा फोनही आला. "ताई, काय ते वडे! अजून तोंडात चव आहे."

"अन् दंडार, मॅडम?"

"हो हो, तेही बघू पुढे."

पुढच्या वर्षी, मंडईच्या आधीचा महिना ठरला. लाखोरीचे वडे करायला आम्हाला शिकवायला नागपूरहून एक बाई आल्या. आमच्या डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. मग आम्ही वडे केले, त्यांनी खाल्ले, कृती उतरवून घेतली आणि खुशीत परत गेल्या. राहिलो आम्ही, समाजमंदिरात, महिनाभर, मानधन घेऊन. कापणीला जायचं नाही. वडे सकाळीच होऊन जायचे. पुढे दिवसभर काय करायचं?

एक दिवस डाळ वाटता वाटता माझ्या तोंडी नमनाची ओळ आली. जाऊबाईंनी पुढची उचलली. तिसरीनं त्याच्या पुढची. जन्मभर दाराआडून, गच्चीवरून, चौकाच्या कडेनं आम्ही ऐकलेलं सगळं पोटात होतं. तेवढ्यात बाहेरच्या पारावरून आवाज आला, बसलेला, पण कडक, "थे ओळ अशी नाही!"

मामाजी. मी डोक्यावरचा पदर सावरला, दारापर्यंत गेले आणि तोंडावर विचारलंच, "मामाजी, आमालेच शिकवा ना."

"बाया? दंडारीत?" ते दुसरीकडे पाहत म्हणाले. "गाव हासन."

"दंडारीत हासायलेच तं येते गाव."

ते उठून गेले. मला वाटलं, झालं, उगाच बोलले. पण दुसऱ्या दिवशी ते आले, त्यांच्या पायातले चाळ समाजमंदिराच्या उंबऱ्यावर ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. सुनांकडे तोंड करून त्यांनी कधी गाणं म्हटलं नव्हतं. महिनाभर त्यांनी रस्त्याकडे पाहूनच शिकवलं. चुकलो की मान न वळवता शिव्या. कोण चुकलं तेही पाठीनंच कळायचं त्यांना.

फाउंडेशनला रोज फोटो पाठवावा लागे. आम्ही समोर वड्यांची परात ठेवून गात असू आणि तसाच फोटो काढून पाठवत असू. तिकडून शाबासकी आली, 'महिला आनंदाने चव घेताना दिसत आहेत.'

मंडईचा दिवस उजाडला. खाद्य उपक्रमाचा फलक घेऊन समिती येणार होती. तीन खुर्च्या पुन्हा मांडल्या. या वेळी मी घरोघरी जाऊन बजावलं होतं, आधी दंडार, मग जेवण. सगळ्यांनी "हव, हव" म्हटलं. गाडी शिवेत आली आणि पहिल्याच घरानं त्यांना आत ओढलं.

चौक भरला. मामाजी आले, रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसले. आमच्याकडे तोंड करून.

मी चाळ बांधून उभी होते. नमन झालं. गेल्या वर्षी त्यांचा आवाज जिथं फाटला, ती ओळ आली आणि मी अडले. गावभरचे सोयरे समोर, माहेरची माणसंसुद्धा. ढोलकी एकटीच वाजू लागली. तेव्हा मामाजी खुर्चीतून पुढे झुकले, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि साऱ्या गावासमोर ओरडले, "आवाज सोड, सूनबाई! कोणाले भेतेस?"

सोडला. मग कोण थांबतंय? जाऊबाईंनी सरपंचाचं सोंग असं घेतलं, की सरपंच स्वतः टाळ्या वाजवत होते. उन्हं कलेपर्यंत दंडार चालली, शेवटच्या ओळीपर्यंत.

लोक उठत होते तेव्हा समिती आली, रुमालानं हात पुसत. मॅडम मामाजींजवळ वाकल्या आणि विचारलं, "आजोबा, दंडार कधी सुरू होणार?"

मामाजींनी डोळे पुसले.

"झाली ना जी," ते म्हणाले. "मी पाह्यली."