भैयाजींची पंच्याहत्तरी

एटापल्लीच्या वाचनालयात इस्तारी नान्हे शिपाई होता. जातीनं ढिवर, मूळचा सिंदेवाहीकडचा. बाप तळ्यात जाळं टाकायचा. मी तिथल्या शाळेत शिक्षक आणि वाचनालयाचा सचिव, म्हणून त्याचं वेड मी जवळून पाहिलं.

वेड भैयाजी वरभ्यांचं. चंद्रपूरच्या या लेखकानं 'जळवेस' ही कादंबरी लिहिली होती. तळ्याच्या तळाशी वसलेलं नगर, माशांवर बसून फिरणारे पहारेकरी आणि पाण्यातली वेस ओलांडून आत गेलेली ढिवराची पोर. "सर, आमच्या तळ्याची गोष्ट याच्याआधी कोनं लिहिली होती?" इस्तारी विचारायचा. एक्क्याऐंशीत भैयाजी वारले. तेव्हापासून दर एकोणीस ऑगस्टला तो त्यांचा जन्मदिवस पाळी. फोटोला हार, दहा-बारा माणसं, चहा, फुटाणे. त्याची मुलगी कुंता 'जळवेस'मधलं एक प्रकरण तोंडपाठ म्हणायची.

सत्याऐंशीत भैयाजींची पंच्याहत्तरी होती. त्यांच्या पत्नी अंजनाबाई यायला तयार झाल्या, फक्त कोणी न्यायला यावं म्हणाल्या. सतरा तारखेला सकाळी इस्तारी चंद्रपूरला निघणार, तर रात्रीपासून तेरा वर्षांच्या कुंताला ताप.

"पोरीचं अंग तव्यावानी तापून राह्यलं. नोका जाऊ," त्याची बायको रुखमा म्हणाली.

"जाय ना बाबा," कुंता पडल्यापडल्या म्हणाली. "बाईले घेऊन ये."

इस्तारीनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ताप आहे, उतरेल. आम्ही आहोत इथं." तो गेला.

दुपारी डॉक्टरांनी सुई दिली आणि अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. रुखमा म्हणाली, "उद्या तिचे बाबा येतेत, मग नेऊ." मीही जोर केला नाही. दुसऱ्या दिवशी कुंताला झटके आले, तेव्हा आम्ही जीप काढली. पण वरच्या अंगाला पाऊस पडला होता आणि अहेरीला जाताना आलापल्लीच्या वाटेवर लागणारा नाला दुथडी भरून वाहत होता. पलीकडं एसटी अडकून उभी होती.

त्या एसटीत इस्तारी होता. त्यानं जीपमधली रुखमाची साडी ओळखली. लोक धरायला धावले, पण त्यानं अंगातला सदरा काढून अंजनाबाईंच्या हातात दिला आणि पाण्यात उडी घातली. पाण्यानं त्याला बरंच खाली ओढून नेलं. काठाकाठानं धावत तो आमच्यापर्यंत आला, तेव्हा गुडघे फुटले होते.

"कुंते, मी आलो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिनं डोळे उघडले नाहीत. नाला उतरण्याआधीच ती गेली.

एकोणीस तारखेला सकाळी अंजनाबाई पोचल्या. आम्ही कुंताला पुरून आलो होतो. त्या रुखमाजवळ बसल्या. रुखमा नवऱ्याला म्हणाली, "डॉक्टर अहेरीले न्या म्हनत होते. मी तुमची वाट पाह्यली." एवढंच. त्यानंतर त्या घरात नवरा-बायको कामापुरतं बोलू लागले.

पुढच्या वर्षी मीच हार आणला. इस्तारीनं कुलूप उघडलं, सतरंजी अंथरली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. तिघं आले. प्रकरण म्हणायला कोणी नव्हतं. मी पुस्तक उघडलं, पण चार ओळींच्या पुढं वाचवलं नाही.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये माझी बदली झाली. निघताना मी त्याला म्हणालो, "इस्तारी, त्या दिवशी मी तुला जा म्हणालो."

"तुमी नसतं म्हटलं तरी मी गेलो असतो, सर," तो म्हणाला. मग माझी पेटी उचलून बसच्या टपावर चढवायला गेला.

त्या ऑगस्टात वाचनालयात काही झालं नाही, असं नंतर कळलं.