आधी टेंपरेचर, मग बाकीचं

वाचनालयात आल्या की सिस्टर आधी कॉम्प्युटरच्या डब्याला उलटा हात लावायच्या. चप्पल दाराशी, पर्स खुर्चीवर आणि हात डब्यावर. तोवर कुणी नमस्कार केला तरी उत्तर मिळत नसे. "आधी टेंपरेचर, मग बाकीचं," एवढंच ऐकू यायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, रिटायर झाली तरी ड्यूटी ज्यांना सोडत नाही.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांनी तीसेक वर्षं नर्स म्हणून काढली होती. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. मी लालबागच्या या वाचनालयाचा ग्रंथपाल, म्हणजे पुस्तकं देणं, पंखे बंद करणं आणि खिडकीजवळच्या खुर्चीवरून होणारी भांडणं सोडवणं. सिस्टर पेपर वाचायला यायच्या, त्या हळूहळू कामालाच लागल्या. त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

कॉम्प्युटर देणगीत आलेला, चांगलाच जुना. आमच्या वाचकांपैकी एका इंजिनियरने त्यात लिनक्स नावाची फुकटातली सिस्टिम घालून दिली आणि बजावलं, प्रोसेसर फार तापतो, लक्ष ठेवा. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत 'सेन्सर्स' एवढा एकच शब्द टाइप केला की आतलं तापमान दिसायचं. सिस्टरनी पहिल्यांदा तो आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठल्याच.

"बावन्न? भाऊ, हा पेशंट गेलाय!"

ऐंशीपर्यंत घाबरायचं कारण नाही, शंभरला मशीन स्वतःच बंद पडतं, हे त्यांना पटायला आठवडा लागला. पटल्यावर त्यांनी हॉस्पिटलात पलंगाच्या पायाशी लटकवतात तसला तक्ता आखला आणि टेबलाच्या कडेला क्लिपने लावला. दहा, बारा, दोन, चार. दर वेळी लाल पेनाने ठिपका आणि ठिपक्यांना जोडणारी रेघ. आकडा आपोआप दर दोन सेकंदांनी बदलत राहील अशी सोय करून देतो, असं इंजिनियर म्हणाला तेव्हा त्यांनी हातच जोडले. "नको रे बाबा. सारखं बघत बसलं की आपलंच वाढतं." मला मात्र शिकवायच्या, "भाऊ, नुसता आकडा नाही बघायचा. चढ बघायचा."

लक्ष ठेवायला कारण होतं. वाचनालयाच्या कपाटात आसपासच्या चाळींतल्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट होत्या. त्या वाजवून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि मग आवाजातली खरखर काढायची, असं काम आम्ही काढलं होतं. खरखर काढताना मशीन घुसमटायचं, पंखा ओरडायचा, आणि सिस्टर तक्ता घेऊन शेजारी बसायच्या.

त्यातली एक कॅसेट नायगावच्या भीमजयंतीची होती. तिच्यात सिस्टरच्या आईचं गाणं होतं. आई गिरणीत कामाला, लिहिता-वाचता येत नसे, गाणी मनातच जुळवायची. हे गाणं तीन कडव्यांचं. सिस्टरना दोन पाठ होती, तिसरं आठवत नव्हतं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती, गाणं कुठे कागदावर नव्हतं. तिसरं कडवं त्या कॅसेटमध्ये होतं, बाकी कुठेही नाही. टेपला बुरशी लागली होती आणि इंजिनियरने स्पष्ट सांगितलं होतं की ती एकदाच वाजेल.

"मग आधी हीच घेऊ," मी म्हणालो.

"आपल्या घरचा पेशंट शेवटी बघायचा, भाऊ. तसाच नियम असतो," त्या म्हणाल्या. नियम कुणाचा ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला सिस्टर दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या. त्या गेल्या आणि मला नको ती हौस सुचली. त्या परत यायच्या आत कॅसेट उतरवून ठेवावी, त्यांना चकित करावं. सकाळी टेप चालू केली. वेळ वाचावा म्हणून दुसऱ्या कॅसेटची खरखर काढायचं कामही त्याच वेळी लावून दिलं. मग रिवाजाप्रमाणे पूजा. पुस्तकांना फूल, टेलिफोनला फूल, आणि कॉम्प्युटरला झेंडूचा हार. चांगला जाडजूड, डब्याच्या हवा खेळायच्या जाळीवरून पुढेमागे लोंबणारा. समोर उदबत्ती लावली आणि मी बाहेरच्या खोलीत सोनं वाटायला गेलो. आपट्याची पानं देता-घेताना सगळ्यांचं हसणं-बोलणं चाललं होतं. पंखा ओरडत असणार, मला ऐकू आला नाही.

आत आलो तेव्हा पडदा काळा होता. टेपरेकॉर्डर मात्र चालूच होता. टेप चाकात गुंडाळली जाऊन तुटली होती.

इंजिनियरने जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. निवेदक आईचं नाव घेतो, पहिलं कडवं पूर्ण, दुसऱ्याच्या दोन ओळी, आणि पुढे काही नाही.

दोन दिवसांनी सिस्टर आल्या. उलटा हात डब्याला. मग चिमटा मागून घेतला आणि जाळीतून झेंडूच्या पाकळ्या एकेक काढल्या. मी काय झालं ते सगळं सांगितलं.

"बाराचं टेंपरेचर कोणी घेतलं?"

"कोणी नाही."

"मी रजेवर गेले की वॉर्ड बंद असतो का, भाऊ?"

त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझी लाज झाकायला मी पेन उचललं आणि म्हणालो, शंभर तर नक्कीच असेल, लिहून टाकतो. त्यांनी पेन काढून घेतलं. "घेतलं नाही ते लिहायचं नाही." ती चौकट रिकामी राहिली.

मग त्यांनी टेपमधून बचावलेलं गाणं लावायला सांगितलं. ऐकलं. चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माईक लावा. माझ्याकडे आहे तेवढं देते."

पुढे चाळ रिकामी झाली आणि सिस्टर मुलाकडे बदलापूरला गेल्या. सुरुवातीला फोन करायच्या, पहिला प्रश्न ठरलेला. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. मुलगा वाचनालयात आला, आईचं काही आहे का म्हणून विचारायला. तक्ता मी त्याला दिला नाही, माझ्याच्याने देववला नाही. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं.

सुरुवातीला खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग सिस्टरचा, "अठ्ठेचाळीस. ठीक आहे. चालू करा, भाऊ." त्या पहिलं कडवं म्हणतात, दुसरं म्हणतात. तिसऱ्याला शब्द नाहीत. नुसती चाल गुणगुणत त्या कडवं शेवटपर्यंत नेतात, एकही ओळ न गाळता.