एका रुपयाची कपात

"मॅडम, लष्कराच्या खर्चावर मतदान घ्या की. पोरं खर्च पाडतेत, लई टाळ्या पडतेत!" आमच्या संस्थेचे अध्यक्ष रंगीत तालमीतच म्हणाले.

मी लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. विद्यार्थ्यांकडून इंग्रजांच्या काळातल्या दिल्लीच्या कायदेमंडळाचं बजेट सेशन बसवून घेत होते. आमच्या इतिहासाच्या एम. ए.ला प्रवेश कमी. कार्यक्रम बघून अध्यक्ष एम. ए. चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवणार होते. बी. ए.च्या सुनीताचा जीव त्यात अडकला होता. ती शिरूर अनंतपाळहून एसटीनं यायची. "हाय त्याच कालिजात असंल तर शीक, न्हाई तर बास," असं घरून बजावलेलं.

"सर, तसं मतदान होतच नव्हतं," मी म्हणाले. सरहद्दीवर लढाई पेटली की लष्कराचा खर्च फुगायचा. तो 'नॉन-व्होटेबल', म्हणजे मताला न टाकायचा खर्च. ज्या खात्यांवर मत देता यायचं, तिथं सभासद रुपयाभर कपात सुचवायचे. त्यानं बचत काहीच होत नसे, राग तेवढा नोंदवला जाई.

"मग मजा काय त्यात?"

मी हटून बसले. सुनीताकडे पाहिलं की मात्र वाटायचं, घेऊन टाकावं का मतदान?

कार्यक्रमात सुनीता सभासद झाली होती. लष्करावर मत नाही म्हटल्यावर तिनं गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळाच्या, म्हणजे तेव्हाच्या मंत्रिमंडळाच्या, खर्चात एक रुपया कपात सुचवली. हात वर झाले. ठराव पास, टाळ्यांचा कडकडाट. तेवढ्यात गव्हर्नर जनरल झालेला मुलगा उठला. "माझ्या खास अधिकारात कपात रद्द. रुपया पूर्ववत."



"आरं, एक रुपया बी सोडंनात व्हय हे!" पहिल्या रांगेतून अध्यक्ष ओरडले. मला इतका आनंद झाला की एम. ए. वाचलंच असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात संस्थेची मीटिंग. मी खूप बोलले. सुनीताचंही सांगितलं. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, तुमचं समदं पटतंय. पण हा विषय काय मताला टाकायचा न्हाई."

एम. ए. बंद झालं. माझा विरोध प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या, एवढं मी भांडून करवून घेतलं.

सुनीता बाहेर व्हरांड्यात थांबली होती.

"काय झालं, मॅडम?"

"बोलू दिलं."

तिला लगेच कळलं. तिनं बॅग खांद्याला लावली.

"अन् रुपया?"

"कापला," मी म्हणाले. "लिहून घेतलाय त्यांनी."

ती हसली आणि एसटी गाठायला निघाली. घरून दुसऱ्या कॉलेजात पाठवणार नव्हतेच. ती आता गावात शिकवण्या घेते.

बोलू देतात म्हणजे मत विचारतात असं नाही. हे मी तोवर दरवर्षी वर्गात सांगायचे, तेही परीक्षेला येतं म्हणून.