झालं म्हणतीस? दाव!

सकाळी वॉर्डात आल्या की आमच्या इन्चार्ज सिस्टर पहिल्या खाटेपाशी थांबायच्या आणि विचारायच्या, "झालं का?" खाटेवरची बाई म्हणायची, "झालं." लगेच सिस्टरांचा तळहात पुढं यायचा, एसटीत तिकिटं तपासायला चढलेल्या माणसासारखा.

"झालं म्हणतीस? दाव."

काय दाखवायचं ते तुम्ही ओळखलं असेल. बेडपॅन. वॉर्डातल्या मावशींनी तो आधीच धुवायला नेला असेल, तर मावशींची उलटतपासणी व्हायची.

बायकांचा हाडांचा वॉर्ड होता. पायाला वजन बांधून माणूस दिवसेंदिवस उताणं पडलेलं, वर दुखणं थांबवायच्या गोळ्या. पोट साफ व्हायचं कसं? आणि खोटं तर सगळ्याच बोलायच्या. कुणी एनिमाच्या भीतीनं, कुणी लाजेनं, कुणी लवकर घरी सोडतील म्हणून. सिस्टर उशाखाली हात घालून बिस्किटांचे पुडे बाहेर काढायच्या आणि नातेवाइकांना दारातच गाठायच्या. "पावणं, पेशंटला बघायला आलाय का बूच मारायला? उद्या येताना पपई आणा. आन् पालेभाजी."

त्या हुपरीच्या. घरात चांदीचं काम. "आमच्यात सख्ख्या भावानं आणलेली चांदी बी घासून बघत्यात," असं अभिमानानं सांगायच्या.

नव्वदच्या दशकात मी त्या वॉर्डात नर्स म्हणून लागले. गारगोटीकडच्या खेड्यातली, आजोबांच्या काळात बौद्ध झालेलं आमचं घर, आणि त्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मला तिचा गर्व होता, आजही आहे. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की इंजेक्शनाचा ट्रे दुसऱ्या पोरींकडं जातो आणि एनिमाचा ट्रे माझ्याकडं येतो. रोज.

आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मी शाळेपासून बघत आले होते. तेव्हा मला काय वाटलं असेल हे वेगळं सांगायला नको. मी सिस्टरांवर नजर ठेवली. दुपारी डबे उघडले की आम्ही एकमेकींच्यातलं खायचो. त्या माझ्या डब्याला हात लावायच्या नाहीत. एकदा मी मुद्दाम डबा पुढं सरकवला, तर स्वतःच्या बोटांकडं बघत म्हणाल्या, "नगं. हे हात दिवसभर कुठं कुठं असत्यात. धुतलं तरी मला माझाच संशय." नखं मुळापासून कापलेली, साबणानं कातडी पांढरी पडलेली. दुसऱ्या कुणाच्या डब्यातलंही त्या घेत नव्हत्या, हे खरं. पण मी म्हटलं, एकीला टाळायचं असेल तर सगळ्यांना टाळणंच सोपं की.

अशात राधानगरीकडची एक आजी आली. मांडीचं हाड मोडलेलं. मी उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला, तेव्हा तिनं विचारलं, "गाव कुठलं गं तुजं? कुणाची तू?"

गाव सांगितलं. आडनावही सांगितलं, मोठ्यानं. आजी "हां" म्हणाली आणि छताकडं बघत राहिली. संध्याकाळी तांब्या तसाच भरलेला. दुसऱ्या दिवशीही तसाच. सिस्टर तेव्हा रजेवर होत्या, त्यामुळं आजीनं सकाळी "झालं" म्हटलं की झालं.

सिस्टर कामावर आल्या तशी मी तडकले. "त्या आजी माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. त्यांचं सगळं दुसरीला द्या."

"कशावरनं म्हणतीस?"

"तांब्या भरलेलाच आहे."

"दाव."

खाटेभोवती रोजच्यासारखे आजीचा थोरला दीर, पुतणे आणि गावातले आणखी कोण कोण बसले होते. सिस्टरांनी तांब्यात डोकावून बघितलं. मग स्वतः फुलपात्रात पाणी ओतून आजीच्या ओठाला लावलं. आजीनं ओठ ओले केल्यासारखं केलं आणि फुलपात्र बाजूला सारलं. "तहान न्हाय, बाय."

सिस्टर माझ्याकडं वळल्या. "माझ्या हातचं बी पीत न्हाय. आता माझी जात काढ."

मी तांब्या उचलून घेतला. तोवर त्यांचा हात चादरीवरून आजीच्या पोटावर गेला होता. पोट नगाऱ्यासारखं.

"उठा, पावणं. सगळी भाईर चला."

दीर फुगला. "आमी काय परकं हाय व्हय?"

"परकं असता तर तिनं कवाच भांडं मागितलं असतं."

पडदे ओढल्यावर आजी रडायला लागली. "थोरल्या दिरासमोर मी जन्मात डोईवरचा पदर पाडला न्हाय. आन् भांडं मागू? म्हटलं, प्यायलाच नगं. मग जायाला नगं."

डॉक्टरांना विचारून एनिमा दिला. फळला नाही. खाली अक्षरशः दगड बसला होता. सिस्टरांनी हातमोजे चढवले, बोटाला तेल लावलं. मला वाटलं, आता हेही मलाच सांगणार.

"तू तिचा हात धर," त्या म्हणाल्या. "हे माझं."

आजीनं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. सिस्टर खालून गप्पा मारत होत्या.

"आजी, म्हस आता कोण काढतंय?"

"सून."

"देती व्हय सुनंला दूध?"

"लाथा देती!" आजी म्हणाली आणि कण्हता कण्हता हसली. हसताना अंग सैल पडलं आणि अडलेलं सुटलं.

सगळं आवरल्यावर तिनं डोळे मिटूनच हाक मारली, "पोरी, पाणी दे." मी दिलं. ती पीत होती तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडं नाही, फुलपात्राच्या तळाकडं बघत होते. तळ दिसला.

बाहेर बेसिनपाशी मी सिस्टरांना विचारूनच टाकलं. "एनिमा रोज मलाच का?"

"बाकीच्या नळी लावून भिंतीकडं बघत्यात. तू पेशंटच्या तोंडाकडं बघतीस."

"आडनावामुळं नाही?"

त्या चिडल्या नाहीत. साबण चोळत राहिल्या. "न्हाय म्हटलं तर पटंल?"

"नाही."

"पटू बी नगं. मी कुणाचं तोंडी 'झालं' मानत न्हाय. तू माझं कशाला मानतीस? बघत ऱ्हा."

मी बघत राहिले. बरीच वर्षं. त्या आजीनंतर वॉर्डात रोज सकाळी नातेवाईक बाहेर, पडदे ओढलेले, पेशंटच्या हातात प्यायला गरम पाणी, आणि कुणी घाई करायची नाही, असा शिरस्ता पडला. हातमोज्याचं काम त्यांनी कधी दुसरीला दिलं नाही. माझ्या डब्यालाही कधी हात लावला नाही. दोन्ही गोष्टी मी बघितल्या. संशय आला याची मला तेव्हा लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही आला असता.

निवृत्तीच्या दिवशी त्या काठापदराची साडी नेसून आल्या. कुणालाच काही विचारलं नाही. पेशंटच बिचाऱ्या आपणहून सांगत होत्या, "सिस्टर, झालं हां." दुपारी त्या आमच्यात येऊन बसल्या आणि तळहात माझ्यापुढं केला.

"आज ह्या हातांनी काय केलं न्हाय. डबा दाव."

मी उघडला. भाकरी आणि मेथी. त्यांनी तुकडा मोडला, चावला. "मीठ कमी हाय." मग शेजारणीच्या डब्यातलं घेतलं, मग पलीकडच्या पोरीच्या, मग मावशींच्या. मी शेवटपर्यंत बघत होते. माझ्या एकटीच्या डब्यातलं घेतलं असतं, तर मला पुन्हा संशय आला असता.

काही वर्षांनी सिस्टरांच्या भाच्याचा फोन आला. "मावशी गेली."

"कशावरनं?" माझ्या तोंडातून निघून गेलं. त्यानं बिचाऱ्यानं घरचा पत्ता सांगितला.

मी हुपरीची एसटी धरली. गल्लीतली चांदी घासायची, ठोकायची कामं बंद होती. त्यांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, हात चादरीवर. मी वाकून बघितलं. कायम मुळापासून कापलेली ती नखं वाढलेली होती.

तेव्हा पटलं.